काटे-चमचे, पियानो आणि एक गायिका

गवयासमोर बसून जेवणं हा आपल्याकडे त्याचा अपमान समजला जातो. सवाई गंधर्व महोत्सवातसुद्धा वडा खायचा तर उठून स्टॉलवर जायचं. मग आत कोण गातंय याची फिकीर न करता मंडळी तासभर तिथेच रमतात, ती गोष्ट वेगळी. त्यामुळे पुण्याहून आलेल्या माझ्या मामांना न्यूयॉर्कमध्ये जॅझ ऐकायला नेते म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे ती बाई गाणार आणि आपण समोर बसून चरणार?"

"हो मामा. आणि काही खाल्लं नाही तरी माणशी वीस डॉलर खाण्यापिण्याचे लावतातच. गाण्याचे पैसे वेगळे."

"मग खाऊच," मामा म्हणाले. त्यांचा जन्म बँकेत गेला आहे.

मी संवादिनी वाजवते. पुण्यात शिकले, आता न्यू जर्सीत एडिसनला शिकवते आणि इकडे दौऱ्यावर येणाऱ्या गायकांना साथ करते. जॅझकडे वळले तीही साथीपायीच. एक पियानोवाला गायिकेच्या मागे बसून नेमकं काय करतो, हे मला कळत नव्हतं आणि कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं. तेव्हा इथे जे लिहिते आहे ते बाजूला बसणाऱ्या माणसाच्या नजरेतून, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावं.

आम्ही गेलो ती जागा वेस्ट व्हिलेजमधल्या एका तळघरात आहे. रस्त्यावरून पंधरा-वीस पायऱ्या खाली. साठेक खुर्च्या, टेबलं इतकी लहान की दोन बश्या आल्या की पाण्याच्या ग्लासाला जागा शोधावी लागते. स्टेज म्हणजे वीतभर उंचीचा लाकडी ओटा. त्यावर एक पियानो, एक डबल बेस आणि ड्रम्सचा आटोपशीर संच. ग्रीनरूम नाहीच. रात्रीचे दोन सेट असतात, साडेसातचा आणि साडेनऊचा, प्रत्येकी सव्वा तासाचा. गायिका आली ती स्वयंपाकघराच्या दारातून, हातात ट्रे घेतलेल्या वेटरला वाट देत. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेनू पुढे केला.

पहिलं गाणं सुरू होण्याआधी तिने पियानोवाल्याकडे बघून डाव्या हाताची तीन बोटं कमरेजवळ खाली केली. प्रेक्षकांपैकी कोणाचं तिकडे लक्षही नव्हतं. ही जॅझवाल्यांची खूण आहे: बोटं वर म्हणजे शार्प, खाली म्हणजे फ्लॅट. तीन खाली म्हणजे ई फ्लॅट, आपल्या भाषेत काळी दोन. एक बोट खाली असतं तर एफ, म्हणजे पांढरी चार. मग तिने उजव्या हाताच्या चुटक्यांनी लय दाखवली आणि पुढच्याच क्षणी तिघेही सुरू झाले. त्या पियानोवाल्याबरोबर ती त्या संध्याकाळी पहिल्यांदाच गात होती, हे तिने नंतर माइकवरून सांगितलं. आपल्याकडेही साथीदार आयत्या वेळी येतो, पण निदान पट्टी विचारायला ग्रीनरूममध्ये पाच मिनिटं मिळतात.

हे जमतं कसं, तर सगळ्यांच्या डोक्यात गाण्याचा एकच साचा पक्का बसलेला असतो म्हणून. व्होकल जॅझमध्ये जी गाणी गातात त्यांतली पुष्कळशी 1920 ते 1950 च्या दरम्यान ब्रॉडवेच्या संगीत नाटकांसाठी आणि हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी लिहिलेली आहेत. जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर, जेरोम कर्न, अर्विंग बर्लिन, रिचर्ड रॉजर्स ही त्यातली मोठी नावं. नाटकं मागे पडली, पदं राहिली. आपल्या नाट्यसंगीताचं झालं तसंच. या गाण्यांचा नेहमीचा आकार बत्तीस बारचा, आणि एका बारमध्ये चार मात्रा. म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचं एक लांबलचक आवर्तन. त्याचे आठ-आठ बारचे चार भाग. पहिला भाग, तोच पुन्हा, मग अंतऱ्यासारखा एक वेगळा भाग ज्याला 'ब्रिज' म्हणतात, आणि शेवटी परत पहिला. गायिका एक आवर्तन शब्दांसकट बऱ्यापैकी सरळ गाते. नंतर त्याच आवर्तनावर पियानोवाला आपली कल्पना मांडतो, मग बेसवाला. कधी ड्रमवाल्याबरोबर चार-चार बारची सवाल-जवाबी होते. मग गायिका डोक्याच्या टाळूवर हात ठेवते, त्याचा अर्थ 'मुखड्याकडे चला', आणि गाणं पुन्हा शब्दांवर येतं. पण दुसऱ्यांदा ती चाल जशीच्या तशी कधीच येत नाही. शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गाण्याला 'स्कॅट' म्हणतात. लुई आर्मस्ट्राँगच्या 1926 सालच्या 'हीबी जीबीज' या रेकॉर्डने तो प्रकार लोकप्रिय केला. तराणा ऐकलेल्या कानाला त्याचं फारसं नवल वाटत नाही.

मामांची अडचण निराळीच होती. ते मांडीवर हाताने ताल धरून बसले होते आणि त्यांचा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडत होता. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटक्या वाजवत होता. दोघांनाही दुसरा चुकतोय असं वाटत असावं.

"मामा, सम पहिल्या मात्रेवरच आहे. पण ठोका दोन आणि चारवर."

"म्हणजे खालीवर टाळी देतात म्हणा की," मामा म्हणाले. मग थोडा वेळ प्रयत्न करून त्यांनी हात मागे घेतला आणि बोटांच्या पेरांवर आवर्तन मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या गाण्याच्या ब्रिजला ते बरोबर पोचले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याचं समाधान होतं.

आता साथीबद्दल. माझी सगळी तालीम गायकाची सावली होण्याची. गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर यांची साथ हा आमचा आदर्श. गायकाने एखादी जागा घेतली की ती क्षणार्धात आपल्या बोटांतून निघाली पाहिजे, तो श्वासासाठी थांबला की धागा तुटता कामा नये. जॅझमधला पियानोवाला याच्या नेमकं उलट वागतो. गायिका गात असताना तो तिची चाल वाजवतच नाही. वाजवली तर ते कच्चेपणाचं लक्षण, आणि गायिकेच्या वाटेत आल्यासारखं. तो खाली कॉर्ड टाकतो, तेही सलग नाही. मध्येच दोन स्वर, मध्येच एक ठोका, मध्येच काहीच नाही. तिची ओळ संपली की त्या फटीत तो एखादं वाक्य बोलतो आणि ती परत येण्याआधी बाजूला होतो.

आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज हलत नाही. गायक कुठेही भटकून आला तरी घर जागेवर असतं. इथे कॉर्ड दर दोन-चार मात्रांनी बदलतात. गायिकेने एकच स्वर लांबवला आणि पियानोवाल्याने त्याखालचा कॉर्ड बदलला, तर तोच स्वर आधी निश्चिंत वाटतो आणि लगेच अस्वस्थ. गळा तिचा आणि अर्थ त्याने बदललेला. हे मला पहिल्यांदा ध्यानात आलं एला फिट्झजेराल्डच्या एका तबकडीवर. 1950 साली तिने एलिस लार्किन्स या पियानोवादकाबरोबर गर्श्विनची गाणी गायली आहेत, दुसरं कोणतंही वाद्य नाही. लार्किन्स इतकं कमी वाजवतो की सुरुवातीला तो आळशी वाटतो. चार-पाचदा ऐकल्यावर कळतं की त्याने गाळलेला प्रत्येक स्वर एलाने वापरला आहे. पुढे टॉमी फ्लॅनगनने तिला वर्षानुवर्षं साथ केली, आणि तो स्वतः पहिल्या प्रतीचा वादक असूनही तिच्या मागे बसल्यावर नुसता तिचाच असे.

त्या रात्रीचं चौथं गाणं संथ होतं. पहिली दोन-तीन मध्यलयीत आणि जरा खेळकर असतात, कारण तेव्हा लोक ऑर्डर देत असतात, उशिरा आलेले खुर्च्या ओढत असतात. अनुभवी गायिका स्वयंपाकघराच्या घड्याळावर कार्यक्रम बांधते. मुख्य पदार्थ टेबलावर पोचले, काटे-सुऱ्यांचा पहिला जोर ओसरला, की मग बॅलड. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले, मग तेही खाली ठेवले. बेसवाला थांबला. उरला फक्त पियानो. तिने पहिली ओळ मात्रेवर उचललीच नाही. मात्रा गेली, आणखी एक गेली, मी माझ्या सवयीने खुर्चीत पुढे सरकले. अशा वेळी आमची बोटं शिवशिवतात, काहीतरी भरून काढावंसं वाटतं. त्या माणसाने हात पट्ट्यांवर नुसते ठेवले होते. ती आली, ओळीचे शब्द सैलसर टाकत शेवटच्या शब्दावर पोचली, आणि तिथे त्याने पाच बोटांचा एक कॉर्ड दिला, एवढा हलका की पियानोतल्या हातोडीचा आवाज स्वराआधी ऐकू आला. स्वयंपाकघराच्या दारात एक वेटर दोन्ही हातांत बश्या घेऊन उभा होता. त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

हे एवढं हळू गाणं माइकमुळे शक्य झालं. माइक येण्यापूर्वी वाद्यवृंदासमोर गाणाऱ्याला आवाज फेकावाच लागे. 1925 च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, पाठोपाठ माइक मंचावर रुळला, आणि कानाशी बोलल्यासारखं गाणाऱ्यांची पिढी उभी राहिली. बिली हॉलिडेचा आवाज फार मोठा नव्हता, पल्लाही मर्यादित होता. पण शब्द उशिरा टाकण्याची तिची हातोटी जवळच्या माइकशिवाय कोणाला कळलीच नसती.

जेवणाच्या जागेत गाण्याचे धोकेही असतात, आणि ते धोके हीच माझ्या मते या प्रकाराची खरी मजा. सारा व्हॉनची 'अ‍ॅट मिस्टर केलीज' ही तबकडी जरूर ऐका. शिकागोतल्या मिस्टर केलीज नावाच्या सपर क्लबमध्ये ऑगस्ट 1957 मध्ये तिचं मुद्रण झालं. पियानोवर जिमी जोन्स, बेसवर रिचर्ड डेव्हिस, ड्रम्सवर रॉय हेन्स. त्यातलं 'विलो वीप फॉर मी' हे गाणं शेवटाकडे विस्कटतं. सारा हसते आणि झालेली गडबड तिथल्या तिथे शब्दांत गुंफून त्याच सुरावटीत गाऊन टाकते. स्टुडिओत हा तुकडा कापून पुन्हा घेतला असता. तसंच बिल एव्हन्सच्या त्रिकुटाचं 25 जून 1961 चं मुद्रण, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधलं. ते वाद्यवादन आहे, गाणं नाही, पण त्यात ग्लासांची किणकिण आणि मागची कुजबुज स्पष्ट येते. जॅझप्रेमी त्या किणकिणीसकट ते मुद्रण डोक्यावर घेतात.

वेटर का थांबला, याला त्याच गल्ल्यांमधला एक जुना संदर्भ आहे. आम्ही बसलो होतो तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावर, शेरिडन स्क्वेअरला, डिसेंबर 1938 मध्ये 'कॅफे सोसायटी' नावाचा क्लब उघडला. तोही तळघरातच. मालक बार्नी जोसेफसन, न्यू जर्सीतल्या ट्रेंटनचा, बुटांच्या धंद्यातला माणूस. त्या काळी प्रसिद्ध कॉटन क्लबमध्ये गाणारे-नाचणारे कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक गोरे अशी रीत होती. जोसेफसनला ती सहन होईना. त्याच्या क्लबात काळे-गोरे शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. उद्घाटनापासून तिथे गायली ती तेविशीतली बिली हॉलिडे.

ब्राँक्समधले एक शाळामास्तर, एबल मीरोपोल, यांनी दक्षिणेतल्या झुंडबळींवर एक गाणं लिहिलं होतं, 'स्ट्रेंज फ्रूट'. ते बिलीकडे आलं तेव्हा जोसेफसनने त्याच्यासाठी खास नियम केले. हे गाणं सेटच्या शेवटीच होणार. त्याआधी सगळे वेटर थांबणार. ऑर्डर नाही, बिल नाही, गल्ल्याची घंटा नाही. दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की तोही बंद, आणि दिवे लागतील तेव्हा ती मंचावर नसेल. कितीही टाळ्या पडल्या तरी ती परत येणार नाही. तिच्या नेहमीच्या कंपनीने हे गाणं ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. 1939 मध्ये ते 'कमोडोर' या छोट्या कंपनीसाठी झालं. जेवायला आलेल्या माणसांचा घास हातात थांबवणारं हे गाणं सभागृहात जन्मलं असतं तर त्याला ही धार आली असती का, मला शंका आहे. सभागृहात लोक गप्प बसायलाच आलेले असतात.

सरकारदरबारी मात्र या छोट्या क्लबांचं आणि गाणाऱ्यांचं कधी पटलं नाही. 1940 पासून न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या जागी काम करायचं तर पोलिसांकडून बोटांचे ठसे देऊन 'कॅबरे कार्ड' घ्यावं लागे. अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर 1947 मध्ये बिलीचं कार्ड गेलं. गंमत अशी की 1948 च्या मार्चमध्ये तिने कार्नेगी हॉल तुडुंब भरवला, पण गल्लीतल्या पन्नास खुर्च्यांच्या क्लबात गायची तिला बंदी. ही कार्डं 1967 मध्ये रद्द झाली, तेव्हा ती जाऊन आठ वर्षं झाली होती. आम्हा पेटीवाल्यांना हे वाचताना आपलं काही आठवल्यावाचून राहत नाही: त्याच 1940 साली आकाशवाणीने संवादिनीवर बंदी घातली, ती सुटायला 1971 उजाडलं.

दुसरा फटका कराचा. 1944 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने ज्या जागी खाण्यापिण्याबरोबर नाच किंवा गाणं असेल तिथल्या बिलावर 30 टक्के कर लावला. थोड्याच दिवसांत तो 20 टक्के झाला, पण पूर्ण जायला 1965 उजाडलं. मेख अशी की नुसतं वाद्यवादन असेल तर कर माफ. मालकांनी साधा हिशेब केला: नाचाच्या जागेत टेबलं टाकली आणि गायिकांना घरी पाठवलं. जॅझमध्ये चाळिशीच्या दशकात बसून ऐकण्याचं, गुंतागुंतीचं वाद्यसंगीत बहरलं, त्याचं एक कारण हा कर मानला जातो. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांना बॅलडपेक्षा यात जास्त रस वाटला.

आणि मग त्यांनीच मुंबईचा विषय काढला. सत्तरच्या आसपास ते चर्चगेटच्या शाखेत होते. वीर नरिमन रोडवर तेव्हा गेलॉर्ड, बॉम्बेली अशा रेस्टॉरंटांमधून बँड वाजत असे. अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या 'व्हेनिस'मध्ये ख्रिस पेरीच्या बँडबरोबर लॉर्ना गायची. "आत जायची ऐपत नव्हती आणि गळ्यात टायही नव्हता," मामा म्हणाले. "दार उघडलं की फुटपाथवर दोन ओळी ऐकू यायच्या. दार बंद, गाणं बंद." लॉर्नाची आणि पेरीची कोकणी गाणी गोव्यात आजही घराघरांत आहेत, आणि त्या दोघांच्या नात्यावर बेतलेला 'नाचोम-इया कुंपासार' हा कोकणी चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचला.

मुंबईत हे सगळं त्याच्याही आधीपासून होतं. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्यामागून आलेल्यांकडून गोव्याचे वादक शिकले, हॉटेलांतून वाजवू लागले आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत जाऊ लागले. 'अलबेला'मधल्या (1951) सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट ठसक्यात येतो, त्यामागे चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अंतोनियो वाझ, यांची साथ आहे. आपल्या चितळकर अण्णांच्या चाली ऐकत वाढलेल्या माणसाने जॅझ परका आहे असं म्हणू नये. मामांनी हे मान्य केलं, पण "अण्णांच्या गाण्यात सम सापडते," ही पुस्ती जोडून.

शेवटच्या गाण्याच्या आधीच्या गाण्यात बिलं टेबलावर आली. हे सगळीकडे असंच चालतं, कारण पुढच्या सेटची माणसं वर रांगेत उभी असतात. मला ते आवडत नाही. गायिका तार षड्जाला भिडत असताना समोर अर्धी माणसं टिप किती ठेवायची याचा हिशेब करत असतात, आणि ती हे मंचावरून बघत असते. सेटचे पैसे आधीच घेतात, तर जेवणाचे का घेत नाहीत, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. मामा मात्र बिल तपासून म्हणाले, "सर्व्हिस चार्ज दोनदा लावलाय." लावला होता. वेटरने तो काढून दिला.

न्यूयॉर्कला मुलांकडे येणाऱ्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. टाइम्स स्क्वेअर एकदा पाहिलात तरी पुरतो. एक संध्याकाळ अशा जागेसाठी ठेवा आणि उशिराच्या सेटचं तिकीट काढा. गर्दी कमी असते आणि बहुतेक जागी नंतर उठवायची घाई नसते. टेबल पियानोच्या पट्ट्यांच्या बाजूचं मागा, म्हणजे वादकाचे हात आणि गायिकेच्या खुणा दोन्ही दिसतील. जेवण पहिल्या गाण्यातच सांगून मोकळे व्हा, आणि टाळ्या वाजवायच्या तर दोन आणि चारवर.